डोक्यावरची शीव

आबा,

तुमच्या चष्म्याची काडी दुरुस्त होऊन आली. कोरेगावच्या चष्मेवाल्याला कुणी काही कळवलं नव्हतं, त्यामुळे त्यानं ठरल्याप्रमाणे मंगळवारी फोन केला, ‘सुभेदारसाहेबांना म्हणावं, काम झालंय.’ शाळेतून येताना मी जाऊन चष्मा घेऊन आले. त्याला तेव्हाही सांगितलं नाही. आता तो तुमच्या टेबलावर मोडीच्या कागदांशेजारी आहे आणि मी तुमच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. पेपरात आलं त्यात तुमची नोकरी, तुमची पदकं, शाळेला दिलेली खोली, सगळं आलं. घरात दिवसभर माणसं तुमच्याविषयी बोलतात. पण तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते फक्त माझं. भांडण आपल्या दोघांचं होतं आणि ते अर्ध्यात टाकून तुम्ही निघून गेलात. हे काही फौजी माणसाला शोभलं नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे तुमचा इतिहास. सत्तरी उलटल्यावर तुमच्या डोक्यात आलं की घराण्याच्या इस्टेटीचा इतिहास लिहायचा, आणि तोही कागद स्वतः वाचून. मग आठवड्यातून दोनदा एसटीनं साताऱ्याला मोडीच्या वर्गाला जायचं सुरू झालं. मी डबा द्यायचे. वर्गातली पोरंपोरी तुम्हाला ‘आजोबा’ म्हणायची आणि तुम्ही त्यांना वेळेवर येण्याबद्दल झापायचात. देवघरातल्या पेटीतला पहिला कागद तुम्ही सव्वा महिना झुंजून वाचलात. आम्हाला वाटलं, आता कुठली सनद निघतेय. निघालं काय, तर बैलाच्या पोटफुगीवरचं औषध. जेवताना तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, हसता हसता ठसकले, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘हसू नगा. बैल जगला म्हनून इस्टेट जगली.’

तेव्हापासून मी तुमची लेखनिक झाले. संध्याकाळी शाळेचे पेपर बाजूला सारून बसायचं आणि तुम्ही सांगाल ते संगणकावर उतरवायचं. तुम्ही खोलीत येरझारा घालत, कवायतीचा हुकूम द्यावा तसं सांगायचात. ‘लिही. पहिलं प्रकरण. रान कुटनं आलं.’

रान कुठून आलं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इंग्रजांची जमीनमोजणी आली तेव्हा ओढ्याकाठच्या रानावरून आपल्या आणि शेजारच्या गावात जुना तंटा होता. त्या काळच्या रिवाजानं तो शपथेवर सुटायचा. हक्क सांगणाऱ्या गावाच्या माणसानं त्याच रानातलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, ग्रामदैवताची शपथ घ्यायची आणि अनवाणी शीव चालायची. तो चालेल ती हद्द. मात्र तो खोटं चालला असेल तर चाळीस दिवसांत त्याच्या घरावर काहीतरी कोसळणार, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आपले राणोजी पाटील चालले, मोजणीवाल्यांनी मागोमाग दगड रोवले, गावानं कौतुकानं ते रान त्यांनाच दिलं आणि सरकारदप्तरी त्यांच्या नावावर चढलं. आपण त्याला शिवेचा मळा म्हणतो.

त्या मळ्यावर इस्टेट उभी राहिली. विहिरीवर चार मोटा, गुऱ्हाळ, आमराई, दारात घोडी. आमराईत गोऱ्या साहेबाचा तंबू पडायचा आणि घरातून त्याला दूध-कोंबड्या जायच्या. आपल्या भावकीला हा भाग फार आवडायचा. तुम्ही मात्र मला थांबवून लिहायला लावलंत, ‘तंबूच्या मेखा कुनी ठोकल्या, पानी कुनी व्हायलं, तेबी लिही. फुकाट राबली ती मानसं.’ पुढे कूळकायदा आला आणि बहुतेक रान कसणाऱ्यांकडे गेलं. भावकीतले, त्यात तुमचे पुतणे भाऊसाहेब पहिले, त्याला आजही ‘लुबाडलं’ म्हणतात. तुम्ही सांगितलंत, ‘लुबाडलं न्हाई. राबत व्हती त्यांचं झालं, असं लिही.’ मी म्हटलं, आबा, भाऊसाहेब चिडतील. तुम्ही म्हणालात, ‘चिडू दे. त्यो ल्हानपनापासनं चिडतोयच.’

कूळकायद्यातूनही शिवेचा मळा तेवढा वाचला, आणि त्याच्याबरोबर रिवाज. दरवर्षी बेंदराला, बैलांची पूजा झाली की, घरातल्या थोरल्या पुरुषानं डोक्यावर ढेकूळ घेऊन मळ्याची शीव चालायची. आता गावात बैल चारच उरलेत, पुरणपोळीचा नैवेद्य ट्रॅक्टरला दाखवतात, पण ढेकूळ चुकलं नाही. मागे हलगी, मागे भावकी. पुढच्या खोलीत राणोजींचं मोठं चित्र आहे. साताऱ्याच्या पाट्या रंगवणाऱ्यानं काढलं, आणि राणोजी कसे दिसायचे ते कुणालाच माहीत नसल्यामुळे तुमच्या वडिलांचा चेहरा बसवला. ढेकूळ रंगवताना त्यानं त्याचा बुंदीचा लाडू केलाय, हे मी लग्न होऊन आल्या आल्या म्हणाले होते. तुम्ही एकटे खो-खो हसलात. त्या दिवशी मला वाटलं, या घरात आपलं निभेल.

आणखी एक बारीकसं काम होतं. पहिल्या दगडापाशी ते ढेकूळ जमिनीवरून उचलून पाटलाच्या हातात द्यायचं ते बापूंनी. बापू म्हणजे तुमचे जिवलग, तुमच्याच वर्षी फौजेत भरती झालेले, महिन्यातून एकदा तुमच्याबरोबर साताऱ्याला कँटीनला जाणारे. त्यांचं घराणं वेसकरांचं, गावकुसाबाहेर राहून गावाची वेस आणि शीव राखणारं. ढेकूळ त्यांनीच का उचलून द्यायचं, असं तुम्ही लहानपणी वडिलांना विचारलं होतंत. ‘पद्धत हाय,’ एवढंच उत्तर मिळालं.

मग ती दुपार. मी पुरी लाटत होते. तुम्ही कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा नाहीत, हाक मारायचात. त्या दिवशी येऊन उभे राहिलात, हातात कागद. मग तुम्ही वाचलंत, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं. राणोजी पाटील यांस शरीरी समाधान नाही म्हणोन येसू वेसकर याने मस्तकी ढेकूळ घेऊन शीव चालली. सबब ढेकळाचा मान येसू याजकडे लेकराचे लेकरी चालवावा. खाली पंचांची नावं आणि निशाण्या. राणोजींची नांगराची निशाणी सगळ्यांत वर.

‘आजारी न्हवता गं त्यो,’ तुम्ही म्हणालात. ‘भ्याला. चाळीस दिवसांत आपली पोरं मरतील म्हनून भ्याला, आन् येसूचं डोकं म्होरं केलं. येसूला काय पोरं नव्हती?’

येसू म्हणजे बापूंचा खापरपणजोबा. रान आपल्याला मिळालं. मान लिहून दिला होता, तो राणोजींच्या पोरानं कधीतरी गुपचूप आपल्या डोक्यावर घेतला, आणि येसूच्या वंशजांकडे उचलून द्यायचं काम तेवढं राहिलं. तळणीतली पुरी करपली तरी आपल्या दोघांना कळलं नाही.

‘शेवटचं प्रकरन ह्यावर,’ तुम्ही म्हणालात. ‘आन् म्होरल्या बेंदराला ढेकूळ बापू घील. पर त्येच्या आदी तुला इचारतो. तुजं काय म्हननं हाय?’

आबा, पंधरा दिवसांपूर्वीच कवठे महांकाळची माणसं माझ्या लेकीला, मनूला पाहून गेली होती. मोठं घर, चांगला मुलगा. होणारे व्याही त्या चित्रासमोर हात जोडून उभे राहिले होते आणि म्हणाले होते, ‘ढेकळाचं घरानं म्हंजी तुमचंच व्हय?’ माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच आलं. मी म्हटलं, ‘आत्ता नको, आबा. लग्न होऊ द्या.’

तुम्ही मान डोलावलीत. लग्न झालं. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हटलं, पहिला दिवाळसण होऊ द्या. तोही झाला. मग मनूला दिवस गेले, आणि मी म्हटलं, बाळंतपण सुखरूप होऊ द्या. मी नववीच्या मुलांना इतिहास शिकवते. अस्सल कागदाचं मोल काय असतं ते दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहिते. त्या फळ्यावरचं मी घरी येताना पुसून येत होते.

एकदाच तुमचा आवाज चढला. ‘सूनबाई, मी शिपाईगडी. दुसऱ्याचं पदक छातीला लावून सलाम घिऊ व्हय?’ आणि मी जे बोलले ते आज मला गिळवत नाही. मी म्हणाले, ‘तुमचं काय, तुम्ही सांगून मोकळे व्हाल. बोलणी माझ्या पोरीला खावी लागतील.’ तुम्ही खाली बसलात. पुन्हा त्या विषयावर आवाज म्हणून चढवला नाहीत. त्या वर्षीच्या बेंदराला तुम्ही ढेकूळ घेऊन चाललात, बापूंनीच ते उचलून दिलं. घरी आल्यावर तुम्ही पुरणपोळीला हात लावला नाहीत. पोट बरं नाही म्हणालात. मला कळलं होतं, आणि मी कळलं नसल्यासारखं ताट उचललं.

शेवटचं आपण त्यावर बोललो ते मनूच्या बाळाला मांडीवर घेऊन तुम्ही अंगणात बसला होतात तेव्हा. तुम्ही नुसतं, ‘आता?’ म्हणालात. मी म्हटलं, ‘जावळ होऊ द्या.’ तुम्हाला हसू फुटलं. बाळाकडे बघत म्हणालात, ‘आता ह्येचं लगीन हुंदे म्हन.’ मीही हसले. आपण दोघं किती हसलो, आबा. आणि आठव्या दिवशी तुम्ही नव्हतात.

तुमचं तेरावं झालं आणि भावकी बसली. बेंदूर तोंडावर आलेला. भाऊसाहेब म्हणाले, ‘ह्या घरात वरीसभर सण न्हाई. तवा ढेकूळ यंदा मी घेतो.’ तुमच्या चिरंजीवांनी मान हलवली. सगळ्यांनी हलवली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. बोलायची हीच वेळ होती, आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर ‘साखर बेताची घातलीय.’

त्या संध्याकाळी भांडी आवरताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की तसं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. तुमच्यासाठी रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे धड एकही होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न येता तडक बापूंकडे गेले. तिथलं नंतर सांगते. आधी घरचं ऐका, तुम्हाला मजा वाटेल.

मी कागदाचं सगळ्यांना सांगितलं तेव्हा भाऊसाहेब अपेक्षेप्रमाणे भडकले. ‘वैनी, ह्ये कुटनं काढलं? आबा असतं तर असलं चालू दिलं असतं व्हय?’ मी तो मोडीचा कागद आणि तुम्ही तुमच्या हातानं लिहिलेला त्याचा अर्थ त्यांच्यापुढे ठेवला. तुमचं अक्षर ओळखल्यावर ते चहा न घेता उठले आणि फाटकापाशी जाऊन परत आले. म्हणाले, ‘चित्राचं काय करायचं?’ मी म्हटलं, राहू दे, चेहरा तुमच्या आजोबांचा आहे. तुमचे चिरंजीव मात्र एवढंच म्हणाले, ‘मला आदी का न्हाई सांगितलंस?’ खरं आहे. त्यांना आपण दोघांनीही सांगितलं नव्हतं. त्याबद्दल तुमच्या वाटणीचाही राग मीच सोसतेय, हे लक्षात असू द्या.

आणि मनू. जिच्यासाठी मी दोन वर्षं तुमच्या तोंडाला कुलूप घातलं, ती फोनवर म्हणाली, ‘आई, एवढंच ना? सासऱ्यांना मी सांगते.’ तिनं सांगितलं. त्या भल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘मग चाळीस दिवसांत त्या येसूच्या घरात काय झालं?’ आबा, हा प्रश्न आपल्याला दोघांनाही सुचला नव्हता. आपण आपल्याच मानाचा हिशेब मांडत बसलो. येसूनं ते चाळीस दिवस कसे काढले असतील, रोज सकाळी पोरांच्या कपाळाला हात लावून पाहिलं असेल का, हे कवठे महांकाळच्या माणसाला सुचावं!

परवा बेंदूर आहे. ढेकूळ बापू घेणार आहेत. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. गुडघे दुखतात, तेव्हा हलगीवाल्याला सावकाश वाजवायला सांगा. आणि, ‘उचलून कोन देनार?’ तुमचे चिरंजीव म्हणाले, मी देतो. भाऊसाहेब येतील की नाही ठाऊक नाही. त्यांच्या मंडळींनी मला हळूच निरोप पाठवलाय की येतील, फक्त आग्रह करू नका.

आता बापूंचं.

मी गेले तेव्हा ते अंगणात शेंगा निवडत बसले होते. त्यांच्या सुनेनं चहा दिला. तुमच्याशिवाय त्या अंगणात बसायची मला सवय नव्हती. मी एका दमात सांगून टाकलं. कागद, येसू, राणोजींची भीती, लेकराचे लेकरी. चहा निवायच्या आत सगळं सांगून झालं. एवढंसं होतं ते, आबा. दोन वर्षं मी ज्याला डोंगर समजत होते ते चहा निवायच्या आत संपलं.

बापू शेंगा निवडतच राहिले. म्हणाले, ‘म्हाईत हाय.’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

‘आमच्या घरात म्हाईत हाय की. बानं मला सांगितलं व्हतं, त्येच्या बानं त्येला. कागद तुमच्यापाशी हाय येवढं ठावं नव्हतं.’

‘मग तुम्ही इतकी वर्षं...’

‘काय करनार? सांगायचं ते ज्येनं घेतलं त्येनं सांगायचं. आमी मागितलं तर भांडान हुतं.’ मग म्हणाले, ‘सुभेदार आलं व्हतं एकदा. तुमच्या मनूचं लगीन व्हायच्या आदी. हितंच बसलं. दोन तास ऊस, पानी, कँटीन, समदं बोललं. मला कळलं, मानूस काय सांगाया आलंय. मी मनात म्हनलं, बोल गड्या, आता तरी बोल. उटताना म्हनलं, बापू, तुज्याशी येक बोलायचं हाय, लय दिसाचं ऱ्हायलंय. पर आदी सूनबाईला इचारतो. तिच्या लेकीच्या लग्नाचा सवाल हाय. ती व्हय म्हनली की त्याच दिशी येतो.’

बापूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘मी वाट बघितली. इचारलं व्हतं का गं त्यांनी तुला?’

‘विचारलं होतं, बापू.’

‘मग?’

मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘लेकीच्या लग्नाला मीबी भ्यालो असतो,’ म्हणाले, आणि सुनेला माझ्यासाठी दुसरा चहा ठेवायला सांगितला.

आबा, काल तुमचं पुस्तक मी पहिल्यापासून वाचून काढलं. पाच पिढ्या, किती पुरुष, किती रानं, किती तंटे. जमीन घेताना, देताना, वाटताना, देवाची शपथ घेताना आपल्या घरातल्या एकाही बाईला कुणी काही विचारल्याचं त्यात कुठंही नाही. विचारलंत ते तुम्ही. सगळ्या इस्टेटीच्या इतिहासात पहिल्यांदा, उंबऱ्यावर उभं राहून, मोठा निर्णय सुनेच्या हातात दिलात आणि ती म्हणेल ते शेवटपर्यंत पाळलंत.

आणि ती नको म्हणाली.

शेवटचं प्रकरण मी लिहायला घेतलंय. येसूचं नाव त्यात पहिल्या ओळीत आहे, राणोजींची भीती दुसऱ्या. माझी तिसऱ्या ओळीत लिहिली आहे.